फाइलवर ‘स्टेज ४’ आणि डॉक्टर म्हणतात ‘आत्ता औषध नको’!

प्रश्न : माझे वडील ६९ वर्षांचे आहेत. हर्नियाच्या ऑपरेशनआधी केलेल्या सोनोग्राफीत त्यांची पानथरी (स्प्लीन) १७ सेंटीमीटरची निघाली. ऑपरेशन पुढे ढकललं आणि तपासण्या सुरू झाल्या. हिमोग्लोबिन ११.२, पांढऱ्या पेशी १६ हजार, त्यात ७० टक्के लिम्फोसाइट, प्लेटलेट्स १ लाख २८ हजार. बोन मॅरो आणि फ्लो सायटोमेट्रीच्या रिपोर्टवर ‘स्प्लेनिक मार्जिनल झोन लिम्फोमा’ असं लिहिलंय. सीटी स्कॅनमध्ये पानथरीजवळ दोन लहान गाठी आहेत, बाकी कुठे काही नाही. फाइलवर स्टेज ४. एवढं सगळं असूनही रक्ताचे डॉक्टर म्हणतात, आत्ता औषध नको, तीन महिन्यांनी या. पानथरीचा तुकडा काढूनसुद्धा तपासलेला नाही. भाऊ म्हणतो, पानथरी काढून टाकू, विषय संपेल. त्याच्या ओळखीच्या एका सर्जनचंही तेच म्हणणं आहे. बाबांना आम्ही ‘रक्तात इन्फेक्शन आहे’ एवढंच सांगितलंय. त्यांना त्रास असा काहीच नाही. रात्री झोप लागत नाही ती मला. आम्ही वेळ वाया घालवतोय का?

उत्तर : नाही, वेळ वाया जात नाहीये. मी बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही लिहिलेले आकडे आणि बाबांना काहीच त्रास नसणं, हे दोन्ही धरलं तर ‘तीन महिन्यांनी या’ हा सल्ला मला योग्य वाटतो. तो देताना त्यामागचं कारण तुम्हाला नीट सांगितलं गेलं नाही, असं पत्रावरून दिसतं. ते मी सांगते.

आधी त्या स्टेजचं बघू, कारण तुमची झोप बहुतेक तिनेच उडवली आहे. ‘चौथी स्टेज’ म्हटलं की आपल्याला स्तनाचा, फुप्फुसाचा, आतड्याचा कॅन्सर आठवतो. तिथे एका अवयवात सुरू झालेला आजार दूरच्या अवयवात जाऊन पोचला, असा तिचा अर्थ असतो आणि ती बातमी वाईटच असते. लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. या पेशी निरोगी माणसातही रक्तातून फिरत असतात. पानथरी, मज्जा (बोन मॅरो), लसिका ग्रंथी ही त्यांची नेहमीची मुक्कामाची ठिकाणं. बाबांच्या प्रकारच्या लिम्फोमात मज्जेत त्या पेशी सापडणं हा जवळजवळ नियमच आहे. आणि मज्जेत सापडल्या की ‘ॲन आर्बर’ पद्धतीनुसार स्टेज ४ लिहावीच लागते. ही पद्धत १९७१ मध्ये हॉजकिन लिम्फोमासाठी ठरवली गेली. तो आजार एका ग्रंथीतून शेजारच्या ग्रंथीत असा क्रमाने सरकतो, तिथे ती चपखल बसते. पानथरीच्या या संथ लिम्फोमात मात्र जवळपास प्रत्येकाच्या फाइलवर ४ हा आकडा असतो, त्यामुळे कोणाचा आजार सौम्य आणि कोणाचा तापदायक हे त्यावरून कळतच नाही. ज्यांना काही होत नाही आणि वर्षानुवर्षं औषध लागत नाही, त्यांचीही स्टेज ४ असते.

मग कळतं कशावरून? २००६ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांच्या एका गटाने अशा अनेक रुग्णांचा मागोवा घेऊन तीन साध्या गोष्टी वेगळ्या काढल्या : हिमोग्लोबिन १२ च्या खाली, रक्तातलं एलडीएच (पेशी मोडल्या की वाढणारं एक एन्झाइम) वाढलेलं, आणि अल्ब्युमिन हे प्रथिन ३.५ च्या खाली. यातली एकही नसेल तर उत्तम, जितक्या जास्त तितकी काळजी जास्त. बाबांचं हिमोग्लोबिन ११.२ आहे, म्हणजे तीनपैकी एक गोष्ट विरोधात आहे. हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. उरलेल्या दोन तुमच्या पत्रात नाहीत. फाइल उघडून बघा, बहुधा पहिल्याच रक्ततपासणीत असतील.

हिमोग्लोबिनबद्दल थोडं अजून. ते कमी असण्याची कारणं बरीच असू शकतात. वाढलेली पानथरी लाल पेशी अडकवून ठेवते. मज्जेत लिम्फोमाच्या पेशींनी जागा व्यापली की तयारच कमी होतात. कधी शरीर स्वतःच्याच लाल पेशींविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. हे या आजारात अधूनमधून दिसतं आणि कूम्ब्ज टेस्टने कळतं. आणि कधी कारण अगदीच साधं असतं, लोह किंवा बी-१२ कमी. ६९ वर्षांच्या माणसात हे शेवटचं मुळीच दुर्मिळ नाही. कॅन्सरचं नाव फाइलवर आलं की या साध्या तपासण्या मागे पडतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. लोह, बी-१२ आणि कूम्ब्ज झालंय का, हे विचारा.

आता तुमची दुसरी शंका : पानथरीचा तुकडा न काढता पानथरीचा लिम्फोमा आहे असं कसं म्हणतात? शंका रास्त आहे. एकेकाळी त्यासाठी पानथरीच काढावी लागायची. पण हा आजार रक्तात आणि मज्जेत उतरलेला असतो, म्हणजे तपासायला लागणाऱ्या पेशी दंडातून काढलेल्या रक्तातच मिळतात. पॅथॉलॉजिस्ट काचेवर रक्ताचा थर देऊन बघतात तेव्हा यातल्या काही लिम्फोसाइटच्या एका किंवा दोन टोकांना बारीक तंतूंचे झुपके दिसतात. नुसत्या तेवढ्यावर कोणी निदान करत नाही. फ्लो सायटोमेट्रीत त्या पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं एकेक करून तपासतात, गणवेशावरचे बिल्ले वाचून शिपाई कोणत्या पलटणीचा हे ओळखावं तसं. सीडी२० हा बिल्ला आहे म्हणजे ती बी पेशी, लिम्फोसाइटचा एक प्रकार. सीडी५ आणि सीडी२३ दोन्ही असतील तर तो बहुधा सीएलएल, म्हणजे जुनाट लिम्फोसाइटिक ल्युकेमिया. सीडी५ आणि सोबत पेशीच्या आतलं सायक्लिन डी१ हे प्रथिन असेल तर मँटल सेल लिम्फोमा, तो बहुतेक वेळा जास्त आक्रमक. सीडी१०३ आणि सीडी२५ असतील तर हेअरी सेल ल्युकेमिया. त्यातही पानथरी मोठी होते, पण त्याचं औषध पूर्ण वेगळं आणि त्याला प्रतिसाद फार छान मिळतो. बाबांच्या आजारात सीडी२० असतं आणि सीडी५, सीडी१०, सीडी१०३ सहसा नसतात. एवढं जुळलं, मज्जेच्या तुकड्यातही तसंच चित्र दिसलं आणि पानथरी मोठी असली की पानथरीला हात न लावता निदान करता येतं. २००८ मध्ये या आजाराच्या अभ्यासकांच्या गटाने तसे निकष प्रसिद्धच केले आहेत.

तुम्हाला हे आकडे पाठ करायची गरज नाही. पण फ्लो सायटोमेट्रीचा कागद हातात असेल तर सीडी५ आणि सीडी१०३ यांच्यापुढे काय लिहिलंय ते जरूर बघा. शंका वाटली तर दुसऱ्या हिमॅटोपॅथॉलॉजिस्टचं (रक्ताच्या आजारांच्या पॅथॉलॉजिस्टचं) मत घ्या, आणि घेताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. मज्जेच्या स्लाइड आणि तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक मागून न्या. त्या तुम्हाला मिळू शकतात. कागदाची झेरॉक्स वाचून दुसरं मत देता येत नाही, पहिल्याचंच मत परत वाचता येतं.

पानथरीत सुई घालून बायोप्सी करावी लागते ती वेगळ्या परिस्थितीत. समजा मज्जा स्वच्छ आहे, रक्तातही काही नाही आणि पानथरीत एकच मोठी गाठ दिसतेय. तेव्हा प्रश्न खरा अवघड असतो, कारण क्षयरोग, सार्कॉइडोसिस, बुरशीचा संसर्ग, एखाद्या रक्तवाहिनीची साधी गाठ, यातलं काहीही लिम्फोमासारखं दिसू शकतं आणि पहिल्या तिन्ही गोष्टी पेट स्कॅनवर लिम्फोमासारख्याच चमकतात. तिथे तुकडा हवाच. पानथरी रक्ताने भरलेली असते म्हणून डॉक्टर सुई घालायला कचरतात. सोनोग्राफीत बघत बघत, सरावलेल्या हातांनी, बारीक सुईने केली तर ही बायोप्सी लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच सुरक्षित आहे. तरीही मानेत किंवा काखेत सोपी गाठ असेल तर आधी ती काढावी, हा नियम. आणि लिम्फोमासाठी नुसत्या एफएनएसीवर, म्हणजे सुईने सुट्या पेशी ओढून केलेल्या तपासणीवर, भागत नाही. पेशी कशा रचलेल्या आहेत ते दिसायला तुकडाच लागतो.

सीटीतल्या त्या दोन लहान गाठींचा तुम्ही धसका घेतलेला दिसतो. पानथरीच्या मुखापाशी लसिका ग्रंथी असतातच आणि या आजारात त्या थोड्या मोठ्या होतात. शिवाय बऱ्याच माणसांना जन्मतःच मुख्य पानथरीशेजारी एखादी सुपारीएवढी किंवा त्याहून लहान जोडपानथरी असते; तीही सीटीवर गाठीसारखीच दिसते. दोन्हीपैकी काहीही असलं तरी बाबांच्या बाबतीत निर्णय बदलत नाही. स्वादुपिंडाचं शेपूटही तिथवरच पोचतं, म्हणून एखादी गाठ मोठी असती किंवा वाढत असती तर ती नेमकी कशाची हे शोधावं लागलं असतं.

आता मुख्य प्रश्न, औषध का नाही. कारण या आजारात लवकर औषध दिल्याने माणूस जास्त जगतो असं दिसलेलं नाही. निदान झालं तेव्हा काहीही त्रास नसलेल्यांना उपचार दिले काय आणि त्रास सुरू झाल्यावर दिले काय, फरक पडत नाही. फरक पडतो तो औषधाच्या दुष्परिणामांचा, ते मात्र आधी औषध घेणाऱ्याला आधी भोगावे लागतात. निम्म्याहून जास्त रुग्ण निदानानंतर दहा वर्षांहून अधिक जगतात. काहींचा आजार घाईचा निघतो, म्हणून तर तीन-तीन महिन्यांनी बोलावतात. ‘थांबू आणि बघू’मधलं ‘बघू’ हे खरं काम आहे. दर भेटीत पोट तपासणं, सीबीसी, एलडीएच. सगळं जागच्या जागी असेल तर पुढे अंतर सहा महिन्यांपर्यंत वाढवतात. दर वेळी सीटी किंवा पेट लागत नाही. कोणी तसा आग्रह धरला तर कारण विचारा. हा लिम्फोमा पेटवर फारसा चमकत नाही, त्यामुळे ‘पेट नॉर्मल आला म्हणजे गेला’ असंही समजू नका.

उपचार सुरू करायची वेळ साधारण अशी येते : पानथरीमुळे दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं, डाव्या बरगडीखाली सतत जड वाटतं किंवा दुखतं, हिमोग्लोबिन १० च्या खाली येतं, प्लेटलेट्स ८० हजारांच्या खाली जातात, संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी एक हजाराच्या खाली जातात, किंवा रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम, कारण नसताना ताप, सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन घटणं, असं काही सुरू होतं. या मोजपट्टीवर बाबांचे आकडे आज अलीकडच्या बाजूला आहेत. पांढऱ्या पेशी १६ हजार आहेत म्हणून कोणी औषध सुरू करत नाही.

तुमच्या भावाच्या मतावर जरा थांबते, कारण ते वेडंवाकडं नाही, जुनं आहे. काही दशकांपूर्वी पानथरी काढणं हाच या आजाराचा मुख्य उपचार होता आणि ती काढल्यावर रक्ताचे आकडे खरोखर झपाट्याने सुधारतात. पण ‘विषय संपेल’ हे चूक आहे. मज्जेतल्या आणि रक्तातल्या पेशी तिथेच राहतात. मोबदल्यात ६९ व्या वर्षी पोटाचं मोठं ऑपरेशन, रक्तस्राव, यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी होण्याचा धोका, आणि न्यूमोकॉकससारख्या जंतूंच्या संसर्गाची जन्मभराची भीती. पानथरी नसलेल्या माणसाला साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. आजही पानथरी काढायची वेळ येते, निदान लागतच नसेल तर किंवा औषधाने काम होत नसेल तर. त्या वेळी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस या तिन्हींच्या लसी ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी घ्याव्या लागतात. भावाला एकच विचारा : त्रास नाही, आकडे ठीक आहेत, मग ऑपरेशन नक्की कशासाठी?

औषधाची वेळ आलीच तर पहिलं नाव रिटुक्सिमॅबचं. हे १९९७ पासून वापरात आहे. ते सीडी२० असलेल्या पेशींनाच धरतं, म्हणून नेहमीच्या केमोसारखे केस जात नाहीत. आठवड्यातून एकदा असं चार आठवडे, काही ठिकाणी सहा, सलाईनमधून देतात. दहातल्या नऊ जणांना फायदा होतो आणि पानथरी काही आठवड्यांत आक्रसायला लागते. पहिल्या डोसला थंडी वाजून ताप येणं, रक्तदाब उतरणं हे होऊ शकतं, म्हणून तो डोस फार सावकाश, कित्येक तास चालतो. घाबरू नका, पण तो दिवस पूर्ण मोकळा ठेवा. आजार जोरात असेल तर सोबत बेंडामस्टिनसारखी केमो जोडतात. फार थोड्या रुग्णांत हा संथ आजार वेगवान मोठ्या पेशींच्या लिम्फोमात बदलतो. एखादी गाठ अचानक वाढते, एलडीएच उसळतं, माणूस दिसता दिसता खंगतो. तेव्हा लगेच पेट आणि बायोप्सी, आणि उपचारही वेगळे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही आणि ती मला सगळ्यात जास्त खटकली : हिपॅटायटिसच्या तपासण्या. सी विषाणूचा आणि या लिम्फोमाचा संबंध आहे. २००२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी हा लिम्फोमा आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या नऊ जणांना फक्त विषाणूवरचं औषध दिलं; विषाणू गेल्यावर त्यातल्या सात जणांचा लिम्फोमाही मावळला. विषाणू नसलेल्यांना तेच औषध दिलं तर काही झालं नाही. तेव्हा इंटरफेरॉनची त्रासदायक इंजेक्शनं होती, आता काही आठवड्यांच्या गोळ्या आहेत. म्हणजे सी निघालाच तर आधी त्याच्यावर उपचार. बी विषाणूचं कारण वेगळं आहे : तो यकृतात सुप्त बसलेला असला तर रिटुक्सिमॅबनंतर उसळून यकृत निकामी करू शकतो. त्यासाठी एचबीएसएजी ही नेहमीची तपासणी एकटी पुरत नाही, अँटी-एचबीसी ही दुसरीही बघावी लागते. सीची एक आणि बीच्या दोन, या तीन रक्ततपासण्या पुढच्या भेटीआधी करून घ्या. लसींचंही तेव्हाच बोला, कारण रिटुक्सिमॅबनंतर सहा महिने तरी लसी नीट लागू पडत नाहीत. आत्ताची रिकामी वेळ त्यासाठी उत्तम आहे.

आणि बाबांना सांगा. मुलांनी आईवडिलांपासून आजार लपवायचा, यात माया असते हे मला कळतं. पण फाइलच्या पहिल्या पानावर ‘लिम्फोमा, स्टेज ४’ लिहिलेलं आहे आणि ६९ वर्षांचा माणूस कधीतरी चष्मा लावून ते वाचणार. एकट्याने वाचण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं. ‘बाबा, तुमच्या पानथरीत आणि रक्तात एक सावकाश चालणारा आजार सापडलाय. त्याला लिम्फोमा म्हणतात, तो रक्ताच्या कॅन्सरचाच एक प्रकार आहे. आत्ता औषध लागत नाही, लागलं तर चांगलं औषध आहे. दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं,’ एवढं पुरे. पुढचं ते विचारतील तितकंच. त्यांना माहीत असेल तरच ते रात्रीचा घाम, कमी झालेली भूक तुम्हाला सांगतील. नाहीतर ‘वयाने होतं’ म्हणून सोडून देतील. डाव्या बरगडीखाली अचानक कळ आली किंवा डावा खांदा दुखू लागला तर लगेच दाखवायचं, हेही त्यांनाच ठाऊक हवं. पानथरीचा रक्तपुरवठा एखाद्या भागात अडला किंवा तिला इजा झाली तर असं होतं. पोटाला मार बसेल असं काही करू नये. आणि घरातल्या कोणी रोज पोट दाबून ‘वाढली का’ बघू नये, ही विनंती.

हर्नियाचं ऑपरेशन रद्द झालेलं नाही, थांबलेलं आहे. १ लाख २८ हजार प्लेटलेट्सवर ते होऊ शकतं. पण या लिम्फोमात क्वचित रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेली असते आणि ते प्लेटलेट्सच्या आकड्यात दिसत नाही. म्हणून तारीख ठरवण्याआधी सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना निदान सांगा, आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या करायच्या का हे रक्ताच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. तोवर हर्नियाची गाठ कडक झाली, दुखू लागली, आत जाईनाशी झाली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर कोणाच्याही तारखेची वाट न बघता त्याच दिवशी इमर्जन्सीत घेऊन जा.